पात्यांची संख्या: शून्य

दोन हजार आठ साली नोएडाच्या सेक्टर बासष्टमध्ये आमच्या संशोधन संस्थेची सात मजली इमारत उभी राहिली. सगळी काचेची. काच म्हणजे प्रगती असल्याने एकही खिडकी उघडत नव्हती. वरच्या मजल्यांना एसी होता. तळघरातल्या आवक-जावक विभागाला भिंतीतून काढलेला चार बोटं उंचीचा हवेचा मार्ग होता. त्यात कुठलाही पंखा मावत नसे, आणि आपण होऊन आत शिरावं असं हवेलाही वाटत नसे.

तिथे सुरेखा धुमाळ एकट्या बसत. त्यांना दोनदा भोवळ आली. दुसऱ्यांदा त्या रजिस्टरवर डोकं टेकलेल्या सापडल्या, तेव्हा कार्यालयीन वेळेत झोपल्याबद्दल त्यांना ज्ञापन निघालं. जावक क्रमांक घालून ते त्यांनी स्वतःच स्वतःला पाठवलं.

शास्त्रज्ञ विनया चौबळ यांना हे बघवेना. त्यांनी त्या मार्गाच्या आतल्या बाजूला तांब्याच्या पातळ पट्ट्या बसवल्या, मध्ये विद्युतरोधक थर दिला आणि काही हजार व्होल्टचा दाब सोडला. पट्टीच्या कडेला जांभळट प्रकाश उमटला आणि तिला लागून असलेली हवा पुढे सरकू लागली. याला प्लाझ्मा अॅक्च्युएटर म्हणतात. त्यात फिरणारं काहीच नसतं. त्यातून निघणाऱ्या ओझोनचा वास शोषायला विनयाताईंनी पुढे कोळशाची जाळीही लावली. त्या दुपारी सुरेखाताईंच्या टेबलावरचा कागद हलला. त्यांनी त्यावर काही ठेवलं नाही, नुसत्या बघत राहिल्या.

मग यंत्राच्या मंजुरीसाठी वायुवहन उपकरणाचं प्रपत्र आलं. रकाना सहा: पात्यांची संख्या. विनयाताईंनी शून्य लिहिलं. शून्य पात्यांचं उपकरण बंद समजावं असा नियम असल्याने ते परत आलं. भांडार अधिकारी गुणवंत राऊत मनाने चांगले होते. ते म्हणाले, "तीन लिहा ना मॅडम. क्या फरक पडता है?"

"पण पाती नाहीतच, राऊतसाहेब."

"हवा तरी कुठे दिसते?"

विनयाताई ऐकेनात, म्हणून उपसचिव मुरलीधर तेलंग यांची समिती तळघरात आली. वाऱ्याने कागद उडू लागल्यावर समितीने यंत्र बंद करायला लावलं आणि इतिवृत्तात नोंदवलं, की सदस्यांना हवा जाणवली, तथापि तिचं उगमस्थान नियमांनुसार सिद्ध झालं नाही. ते सिद्ध होईपर्यंत सदर हवेचा वापर करू नये.

आठवड्याभरात सुरेखाताईंना तिसऱ्यांदा भोवळ आली. विनयाताईंनी त्यांना पाणी पाजलं, वर गेल्या आणि रकाना सहामध्ये तीन लिहिलं. पुरावा म्हणून पत्र्याची तीन पाती भिंतीवर ठोकण्यात आली. मंजुरी त्याच दिवशी मिळाली.

वर्षभर सुरेखाताई छान होत्या. मग देखभालीचा माणूस आला. पाती फिरत नाहीत हे पाहून त्याने प्रामाणिकपणे त्यांना मोटर जोडली आणि भिंतीच्या आत सापडलेल्या तांब्याच्या पट्ट्या अनधिकृत वायरिंग म्हणून काढून नेल्या. पाती आता तळघरातली तीच हवा सुरेखाताईंभोवती फिरवू लागली.

त्यांनी तक्रार केली. तिची दखल घेऊन संस्थेने सर्व तीनशे तेरा कर्मचाऱ्यांचं मत मागवलं: तळघरातली हवा समाधानकारक आहे काय? तीनशे बारा जणांनी होय म्हटलं. एकमेव नकार अपवाद म्हणून वगळण्यात आला.

त्या तीनशे बारांमध्ये विनयाताईही होत्या. त्या दिवशी घरी जायची मयूर विहारची चार्टर्ड बस सुटत होती, फॉर्म चार पानी होता आणि सगळ्यांनीच खाली सही केली होती.

वाचकहो, त्यांना नावं ठेवू नका. असा एक फॉर्म तुमच्याही सहीने कुठेतरी गेलेला आहे. कशाचा होता, ते आठवून बघा. नाही ना आठवत? जिच्याबद्दल तो होता, तिला आठवतो.