महोत्सवाला नदीची अडचण

नदीकाठी उन्हाळी वाइन आणि जॅझ महोत्सव भरवावा, हा ठराव नगरपालिकेच्या सभेत मांडला गेला तेव्हा निम्म्या सभासदांना जॅझ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना नदी कुठे आहे ते आठवत नव्हतं. एकमत व्हायला यापेक्षा अनुकूल परिस्थिती सहसा लाभत नाही. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

मुख्य संयोजक म्हणून मलनिस्सारण खात्याच्या अभियंत्याची नेमणूक झाली. कार्यालयात नदीवर प्रत्यक्ष जाऊन आलेला तो एकटाच होता. मुख्याधिकारी मॅडमनी त्याला दालनात बोलावलं. त्या नुकत्याच परदेशातल्या अभ्यासदौऱ्यावरून परतल्या होत्या आणि तिथे असाच एक महोत्सव त्यांनी ग्लास हातात घेऊन अभ्यासला होता.

"तुमचा नदीशी घरोबा आहे म्हणे?"

"घरोबा म्हणजे मॅडम, आम्ही तिच्यात पाणी सोडतो."

"म्हणजे देवाणघेवाण आहे. उत्तम."

एरवी अभियंत्याने असलं लचांड आजारपणाची रजा टाकून चुकवलं असतं. पण त्याची मुलगी सॅक्सोफोन वाजवायची. शेजाऱ्यांच्या भीतीने ती न्हाणीघराचं दार लावून सराव करी, आणि आजवर तिचं वाजवणं ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं त्यांनी तक्रारच केली होती. जॅझमधलं अभियंत्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण वाजवून बाहेर आल्यावर मुलीचा चेहरा कसा उजळलेला असतो, ते त्याला कळत होतं.

"बाबा, खरंच? आमचा ग्रुप वाजवेल?" मुलगी उडालीच.

"हुरळून जाऊ नकोस," आतून आई म्हणाली. "ह्यांच्या खात्याचा महोत्सव आहे. लोक टाळ्या कशा वाजवतील? एक हात नाकाला लागेल."

पहिली माशी शिंकली ती विधी अधिकाऱ्यांच्या टेबलावर. या गृहस्थांच्या तोंडून 'हो' हा शब्द लग्नातही निघाला नसावा, अशी कार्यालयात वदंता होती. त्यांनी बैठकीत नियम वाचून दाखवला: नैसर्गिक जलप्रवाहाच्या काठावर मद्यपानास सक्त मनाई आहे.

"तेव्हा एक तर वाइन हलवा, नाहीतर नदी," असं म्हणून ते खाली बसले.

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "नदी हलवायला काय लागेल?" त्यांनी विचारलं.

विधी अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. "तसं म्हटलं तर सगळी अडचण 'नैसर्गिक' या शब्दाची आहे. तिच्यात नैसर्गिक असं काही उरलं नसेल, तर नियम लागूच होत नाही. ते तांत्रिक मत संयोजकांनी द्यायचं."

सगळ्यांच्या माना अभियंत्याकडे वळल्या. त्याच्या डोळ्यांसमोर न्हाणीघराचं बंद दार आलं. तो खाकरला. "पावसाळा सोडला तर... वाहतं ते बहुतेक आमचंच आहे."

संध्याकाळपर्यंत नदीची सांडपाणी वाहिनी क्रमांक नऊ झाली. नदी होती तिथेच होती. फक्त तिची पदावनती झाली होती.

आता सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण गावात आरोग्य अधिकारीही होते. उघड्या गटाराशेजारी खाण्यापिण्याची विक्री करता येत नाही, एवढंच त्यांचं नम्र म्हणणं होतं. कालपर्यंत ही नदी होती तेव्हा वास आला तरी चालत होतं. आता ती गटार झाल्यामुळे वास नियमबाह्य ठरला. गटार झाकण्याचं काम अर्थातच मलनिस्सारण खात्याचं. अभियंत्याने आधी मंडपापुरतं झाकलं. पण वासाला मंडपाची हद्द कळेना, म्हणून मग या पुलापासून त्या पुलापर्यंत सिमेंटच्या लाद्या टाकल्या. शेवटची लादी बसली तेव्हा मजुरांनी घाम पुसला आणि अभियंत्याला उगीचच घरी जावंसं वाटेना.

जाहिराती मात्र 'नदीकाठी'च्या लागल्या होत्या. लोक येऊन नदी कुठे म्हणून विचारतील, त्यांना काय दाखवायचं? मॅडमनी यावरही तोडगा काढला. लाद्यांच्या कडेला भलामोठा पडदा उभारला गेला आणि त्यावर दौऱ्यात पाहिलेल्या नदीची चित्रफीत लावायचं ठरलं. निळं पाणी, त्यात पांढरे राजहंस. आपल्या नदीपेक्षा ही कितीतरी जास्त नदीसारखी दिसते, यावर समितीचं पुन्हा एकमत झालं.

राहिला पोलिस परवाना. अभियंता मुलीला घेऊन ठाण्यात गेला. फौजदारसाहेब स्वभावाने मऊ होते.

"काय काय वाजवणार, ताई?"

"ते आयत्या वेळी ठरतं."

"आयत्या वेळी दंगल ठरते. कार्यक्रम आधी ठरतो."

"पण साहेब, जॅझची गंमतच ती आहे. वाजवता वाजवता सुचत जातं."

"सुचू द्या की! मी कुठे नको म्हणतोय? मंगळवारपर्यंत जे सुचेल ते रेकॉर्ड करून आणून द्या. त्यानंतर सुचलेलं स्वीकारलं जाणार नाही."

मुलीने रेकॉर्ड करून दिलं. दोन जागा 'अनाकलनीय' म्हणून गाळून बाकीची उत्स्फूर्तता मंजूर झाली. कार्यक्रमाच्या वेळी हवालदार कानाला हेडफोन लावून मंजूर नमुन्याशी पडताळणी करणार होता.

परतताना मुलगी एक खडा पायाने पुढे उडवत चालली होती. मग म्हणाली, "बाबा, मी नाही वाजवत."

"अगं, असं काय करतेस? तुझ्यासाठी मी अख्खी नदी झाकली!"

मुलगी रस्त्यातच थांबली. "माझ्यासाठी? मी कधी म्हटलं होतं?"

अभियंता समोरच्या दुकानाची पाटी वाचू लागला. तिनेच मग सुस्कारा टाकून त्याचा हात धरला. "चला. आता झाकलीच आहे तर वाजवते."

महोत्सवाच्या संध्याकाळी गाव लोटलं. जन्मात टोपी न घातलेले लोक टोपी घालून आले. ग्लास दांडीला धरायचा की पोटाला, हे शेजाऱ्याकडे तिरक्या डोळ्यांनी पाहून शिकले. लाद्यांच्या फटींतून वाफ येत होती. एका चवतज्ज्ञांनी ग्लासात नाक खुपसून जाहीर केलं, "ओली माती, जुनं लाकूड, आणि शेवटी किंचित... गूढ असं काहीतरी!" पन्नास नाकं आपापल्या ग्लासात शिरली आणि सगळ्यांना गूढ सापडलं. त्या गूढाचा उगम अभियंत्याला पाइपच्या व्यासासकट माहीत होता. त्याने आपला ग्लास हळूच खाली ठेवला.

व्यासपीठावर मुलगी मंजूर झालेलं वाजवत होती. हवालदार मान डोलवत होता. ती दाद नसून पडताळणी होती. लोक व्यासपीठाकडे पाठ करून राजहंसांसोबत फोटो काढत होते.

तेवढ्यात उन्हाने तापलेली कुठलीशी वायर जळली आणि पडदा काळा झाला.

"नदी बंद पडली!" कुणीतरी ओरडलं. मग एकच गलका. "ही फसवणूक आहे! आम्ही नदी बघायला आलोय!" ध्वनिक्षेपकही मेला होता. मुलीचे साथीदार थांबले. गलका जरासा ओसरला, तसा लाद्यांखालून एक आवाज ऐकू आला. गुळुक... गुळुक, गुळुक... गुळुक.

मुलीने मान कलती केली. मग सॅक्सोफोन ओठांना लावला आणि त्या आवाजाला उत्तर दिलं. खालून पुन्हा गुळुक झालं. तिने पुन्हा दिलं, या वेळी वेगळं, जरा खट्याळ. हवालदाराने हेडफोन हलवून पाहिले. मंजूर नमुन्यात हे कुठेच नव्हतं. अभियंता मात्र खिळून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला जॅझ कळत होतं. न्हाणीघरातून बाहेर आल्यावर दिसायचा तो चेहरा आज वाजवतानाच तिच्यावर होता.

त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्याने मंडपामागची पहार उचलली, लादीच्या फटीत घातली आणि जोर लावून लादी बाजूला सारली. खाली काळपट पाणी मावळतीच्या उजेडात लकाकलं.

टोपीवाल्या एक बाई डोकावल्या. "शी! हे काय?"

"नदी," अभियंता म्हणाला.

"आणि ती पडद्यावरची?"

"ती दुसऱ्यांची."

बाई दोन पावलं मागे सरल्या. "अहो, मग झाका ना ती! लहान मुलं आहेत इथे!"

'झाका, झाका' असा घोष सुरू झाला. तिकडे फौजदारसाहेब व्यासपीठावर चढले आणि हात जोडून मुलीला म्हणाले, "छान वाजवताय ताई, पण हे मंगळवारनंतर सुचलेलं आहे." त्याच वेळी वायर जोडली गेली. पडद्यावर राजहंस परतले आणि त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी पडली. अभियंत्याने लादी जागेवर ओढली. स्वतःच्याच हातांनी.

महोत्सव कमालीचा यशस्वी झाल्याचं मॅडमनी जाहीर केलं. नदीला नंतर पुन्हा नदी करण्याचा विषय निघाला होता; पण त्यासाठी ती नैसर्गिक असल्याचं तांत्रिक मत लागत होतं, आणि संयोजकांनी आधीच उलट मत दिलेलं होतं.

मुलगी नंतर व्यासपीठावर गेली नाही. वरच्या पुलापलीकडे, लाद्या संपतात तिथे, गावातला नदीचा एकच उघडा तुकडा उरला होता. रविवारी सकाळी बापलेक तिथे जात. ती सुचेल ते वाजवी, तो दगडावर बसून ऐके, आणि आई डब्यात खायला देताना म्हणे, "नाकाला रुमाल लावा, आणि कान मोकळे सोडा."

यंदा महोत्सवाला दुप्पट गर्दी अपेक्षित असल्यामुळे तो तुकडाही झाकला गेला आहे. वाहनतळ म्हणून जागा अगदी झकास आहे. प्रशस्त, सपाट, कडेला झाडांची सावली. परवा तुम्हीही तिथेच गाडी लावलीत. खाली उतरून आळस दिलात, चहूकडे पाहिलंत आणि बायकोला म्हणालात, "गाव छान आहे गं. एकच उणीव. एखादी नदी हवी होती."