मानाच्या जागेवरचं अस्वल

एका जंगलात एक तळं होतं, आणि त्या तळ्यात जे काही बुडालं त्याचा दोष तात्यासाहेब अस्वलांचा होता. बाळांनो, हे आधीच सांगून टाकतो. शेवटासाठी राखून ठेवलं असतं, तर तोवर मोठ्या मंडळींनी तो दोष कुणा लहानग्याच्या नावावर चढवला असता.

त्या जंगलात सुळक्या नावाचं एक तरुण साळिंदर राहायचं. त्यानं पाठशाळा अर्ध्यात सोडली होती. घुबडगुरुजी दिवसा शिकवायचे, म्हणजे झोपेतच शिकवायचे. सुळक्यानं एकदा विचारलं, "गुरुजी, हे तुम्हाला तरी येतं का?" गुरुजींनी एक डोळा उघडला, आणि सुळक्याचं शिक्षण संपलं.

मग सुळक्यानं सावरीचं एक पडलेलं खोड दातांनी पोखरून कयाक केली. कयाक म्हणजे लांबट, अरुंद होडी. पाय पसरून बसायचं, दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं मारायचं आणि जिकडे जायचं तिकडे तोंड ठेवायचं. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. पुढे मोठी मंडळी ते विसरणार आहेत.

कयाकमधून सुळक्या मरळ पकडायचा. मरळ ही तळ्यातली दादा मासळी. शेवाळाखाली दबा धरून बसते आणि वर बेडूक हलला की पाणी फोडून झेपावते. म्हणून सुळक्यानं गळाला नकली बेडूक बांधला होता. खऱ्या बेडकांनी निषेध सभा घेतली. बेडूकच ते, सभा पावसाळा संपेपर्यंत चालली.

रोज मरळ लागायची असं नाही. कधी वारा कयाक ढकलत काठाला नेऊन टाकायचा. कधी गळाला नुसतं शेवाळ यायचं. कधी पाय असे बधिर व्हायचे की उतरताना सुळक्या तोंडावर पडायचा. पण एखाद्या दिवशी पाणी फुटायचं, गळाची दोरी, म्हणजे तंगूस, ताणून कयाकच मरळीमागे ओढली जायची, आणि सुळक्या हसत सुटायचा. मरळ हातात धरायची, डोळे भरून बघायची, सोडून द्यायची. साळिंदरं कंद खातात, मासे नाही.

काठावर जांभळाखाली ज्येष्ठ मंडळी बसलेली असायची. त्यांना हे सोसवेना.

"खायचं नाही तर पकडायचं कशाला?" तात्यासाहेब ओरडायचे.

"तुम्ही दिवसभर चर्चा करता तात्या, ती कुठे खाता?"

"आमच्या काळी हाक मारली की मासा काठावर यायचा!"

"आणि परत गेला का एखादा?"

तात्यासाहेबांनी त्या वर्षी स्पर्धा जाहीर केली. ते अध्यक्ष होते. कधीपासून, हे कुणाला आठवत नव्हतं. सगळ्यात मोठी मरळ पकडणाऱ्याला लव्हाळ्याचा कोपरा वर्षभरासाठी मिळणार होता. तळ्यातल्या मरळी पिल्लं वाढवतात ती तिथेच. कुणीच जिंकलं नाही, तर तो कोपरा बुजवून ज्येष्ठांसाठी ऐसपैस पार बांधायचा, असंही ठरलं.

सुळक्याला कोपरा वाचवायचा होता. तात्यासाहेबांना टेकायला जागा हवी होती.

स्पर्धेच्या सकाळी नवा नियम आला: प्रत्येक होडीत मार्गदर्शनाला एक ज्येष्ठ. सुळक्याच्या वाट्याला भरजरी फेटा बांधून स्वतः तात्यासाहेब आले.

"तात्या, तुम्ही पुढे बसा. मी मागून वल्हवतो."

"पुढे पाणी उडतं. मागे टेकायला आहे. मानाची जागा मागची."

ते मागे बसले. कयाकनं एक उसासा टाकला. सुळक्या पुढे बसणार, इतक्यात काठावरून त्याची आई ओरडली, "सुळक्या! तात्यांकडे पाठ करतोस? चार लोकांत शोभतं का?"

आता साळिंदरांत हा फार मोठा गुन्हा असतो, बाळांनो. त्यांचे सगळे काटे पाठीवर. पाठ केली म्हणजे भांडण काढलं. म्हणून घरात जेवतानासुद्धा लहान पोरं आजोबांसमोरून उलटी चालत उठतात आणि ताकाच्या मडक्यावर आदळतात.

सुळक्या उलटा बसला, तात्यासाहेबांकडे तोंड करून. दोघांनी एकेक वल्हं घेऊन आपापल्या तोंडासमोर जायला जोर लावला. कयाक जागच्या जागी गरगर फिरू लागली. काठावर टाळ्या पडल्या.

"बघ, कशी पळतेय!" तात्यासाहेब म्हणाले.

"गोल पळतेय, तात्या."

"अनुभव नसला की गोल वाटतं."

"तुम्ही वल्हं खाली ठेवा, मी नेतो."

"म्हणजे आम्ही काहीच करायचं नाही?"

"जांभळाखाली करता तेच करा!"

शेवटी वाऱ्यालाच दया आली. त्यानं कयाक लव्हाळ्याच्या कोपऱ्याकडे ढकलली. सुळक्यानं तात्यासाहेबांच्या फेट्यावरून गळ टाकला. नकली बेडूक शेवाळावर दोनदा टुणटुणला, आणि पाणी फुटलं.

एवढी मोठी मरळ सुळक्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. ती कयाकखालून सरळ पलीकडे गेली, सुळक्याच्या पाठीमागे. तंगूस खोडाच्या कडेला घासू लागली.

"तात्या, वळतो मी!"

"खबरदार! मासा काय, पुन्हा मिळेल. संस्कार गेले की गेले."

"तंगूस तुटेल!"

"तुटू दे. आपण घराण्याकडे बघायचं."

सुळक्यानं घराण्याकडे बघितलं. काठावर सगळं घराणं दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होतं.

तो वळला.

एक काटा तात्यासाहेबांच्या नाकाला नुसता टेकला. तात्यासाहेब उभे राहिले. कयाकमध्ये उभं राहायचं नसतं, हे घुबडगुरुजींनी झोपेतही सांगितलं असतं.

सगळं पाण्यात गेलं. आधी फेटा वर आला, मग अस्वल, मग सुळक्या. मरळ त्यानं छातीशी कवटाळली होती. त्यानं ती उंच धरली, सगळ्यांना दाखवली आणि सोडून दिली.

बाकीच्या होड्या रिकाम्याच परतल्या होत्या. जांभळाखाली निकाल लागला. तात्यासाहेब ओलेच अध्यक्षस्थानी बसले.

"मरळ दिसली का?" त्यांनी विचारलं.

"दिसली," सगळे म्हणाले.

"पाठ दिसली का?"

"तीही दिसली."

"मग प्रश्न मिटला. स्पर्धा कुणीच जिंकली नाही."

सुळक्याची आईही मान हलवत होती. तिला पोराचं दुःख होतं, पण मान हलवायची सवय जुनी होती.

लव्हाळ्याचा कोपरा बुजवला. त्यावर पार झाला. सुळक्याची कयाक पाण्याबाहेर ओढून, पालथी घालून पारावर ठेवली. टेकायला बरी पडते म्हणतात. पुढच्या वर्षी तळ्यात मरळीची पिल्लं दिसली नाहीत. त्यावर ज्येष्ठांनी पारावर बसून चर्चा केली आणि हल्लीच्या माशांना घराची ओढ राहिली नाही, असं ठरवलं.

तात्पर्य: वडीलधाऱ्यांकडे कधीही पाठ करू नये. करायचीच असेल, तर त्यांना होडीत घेण्याआधी करावी.

तात्यासाहेबांना हे सगळं एका ओल्या फेट्याला पडलं. तो संध्याकाळी वाळला.