हौसाबाईंच्या वतीने

धोंडिभाऊ बायकोशी भांडायला वेळेवर बसत. सकाळी गोठा झाडून झाला की हातपाय धुवायचे, तिच्या खाटेशी घोंगडी टाकायची आणि सुरुवात करायची. "आयक, राव" हे त्यांचं पालुपद भिंतीपलीकडच्या माझ्या भाड्याच्या खोलीत स्पष्ट ऐकू येई. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माळशेज घाटाजवळच्या मढच्या शाळेवर मी नवा मास्तर होतो. बायकोला 'राव' म्हणणारा नवरा मी तोवर पाहिला नव्हता.

हौसाबाईंना उन्हाळ्यात लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज बोलत राहा, त्यांना उत्तर द्यायला लावा. वाचा यायची तर पहिल्या काही महिन्यांतच येते. धोंडिभाऊंनी ते मनावर घेतलं. अडचण एवढीच, की उभ्या संसारात ती दोघं भांडण सोडून एकमेकांशी काही बोललीच नव्हती.

बघायला येणारे बिस्किटांचा पुडा आणि एक सल्ला घेऊन येत. कबुतराचं रक्त चोळा, हा सल्ला सगळ्यांत लोकप्रिय. भाऊ पुडा ठेवून घेत आणि म्हणत, "आयक, राव. त्या कबुतरानं तुमचं काय घोडं मारलंय?"

पण एकट्याच्या भांडणाला रंग भरेना. आमटी खारट का झाली म्हणून ते ओरडत, आणि आमटी त्यांनीच केलेली असे. शेवटी ते आळीतल्या बायकांकडे गेले. हौसा माझ्यामागं माझ्याबद्दल काय बोलायची ते सांगा, असं त्यांनी गंभीरपणे म्हटलं. बायका आधी लाजल्या. मग त्यांना आठवू लागलं, आणि आठवतच राहिलं. लवकरच हौसाबाईंच्या वतीने भांडायला रोज संध्याकाळी एकेक जण पाळीपाळीने येऊ लागली. येताना कोणी भाकऱ्या आणी, कोणी बाईंची वेणी घाली, अंथरूण बदली; पण ते जाता जाता. मुख्य काम भांडणाचं. लोककल्याणाच्या योजना मी पुष्कळ पाहिल्या आहेत. हारतुऱ्यांशिवाय चाललेली ही एकच.

भांडताना भाऊंची नजर खाटेकडे असे. तिथे ओठ हलत नसत. पावसाळा सरत आला तसा भाऊंचा आवाज खाली येऊ लागला. एकदा तर सकाळचं भांडण झालंच नाही.

त्या संध्याकाळी सखूकाकूंची पाळी होती. मीही चहाला होतो. काकू वयानं मोठ्या, त्यांना कोणाची भीड नसे. बशीत चहा ओतत त्यांनी विचारलं, "धोंड्या, माळशेजचं पाणी बघाया कुठकुठनं मोटारी येत्यात. इथं हाकेवर ऱ्हाऊन हिला एकदा तरी न्हेलंस का रं?"

भाऊंनी मान खाली घातली.

खाटेवरून जड, घोगरा आवाज आला. "न्हे...लं."

काकूंची बशी ओठांपाशीच थांबली.

भाऊ खाटेकडे सरकले. मग हळूच म्हणाले, "न्हाई न्हेलं, काकू. खोटं बोलती ती."

"न्हेलं," हौसाबाई म्हणाल्या.

"आगं, कधी न्हेलं?"

"न्हेलं."

काकूंनी मला डोळ्यांनीच उठायची खूण केली. आम्ही उंबरा ओलांडला तेव्हा धोंडिभाऊ डोळे पुसत स्वतःचा गुन्हा शाबीत करत होते, आणि बाई ऐकायला तयार नव्हत्या.