अनंतबाबांचे दोन स्विच

अनंतबाबांना कुणी "चहा घेणार का?" असं विचारलं, की ते दोन्ही हात मांड्यांखाली घालत आणि त्यांच्यावर नीट बसत. मग विचार करत. विचारणाऱ्याकडे बघत, दाराकडे बघत, आणि मनातल्या मनात पाचपर्यंत मोजून झालं की म्हणत, "हय. घेतलों." तोवर नवा पाहुणा असेल तर त्याला वाटे, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. तो तोच प्रश्न ओरडून विचारी. मग अनंतबाब पुन्हा पहिल्यापासून मोजत.

ऐकायला त्यांना आमच्यापेक्षा चांगलं येई. सगळी नोकरी इंजिनांचा आवाज ऐकण्यात गेली होती. दोन इंजिनांची प्रवासी विमानं चालवून निवृत्त झाल्यावर ते बायकोला घेऊन गोव्यात पेडण्याला, वडिलांच्या घरी राहायला आले. मी शेजारचा मराठी शाळेतला मास्तर. मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. माझं टेबल खिडकीशी होतं आणि खिडकीतून त्यांचा सोपा, म्हणजे पुढची पडवी, थेट दिसे. माणसाची विक्षिप्त म्हणून ख्याती व्हायला एवढा शेजार पुरतो.

"मास्तर," त्यांनी एकदा मला विचारलं, "वयर गेल्यार दोनांतलें एक इंजिन बंद पडलें. कितें करतलो?"

"देवाचं नाव घेईन."

"ना. कांयच करचें ना! पयलें विमान उडय, मागीर बाकीचें."

मग त्यांनी मला पाटावर बसवून शिकवणी दिली. एक इंजिन मेलं की विमानाचं नाक त्या बाजूला वळायला लागतं. उलट्या बाजूचा पाय दाबून ते आधी सरळ धरायचं, वेग सांभाळायचा. कुठलं इंजिन मेलंय ते मग शांतपणे ओळखायचं. त्याचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर हात ठेवायचा आणि शेजारच्या वैमानिकाला विचारायचं, "दावें?" म्हणजे डावं? त्यानं बघायचं आणि "बरोबर" म्हणायचं. तेव्हाच दांडा ओढायचा, आधी नाही.

"घाईन बंद केल्लें इंजिन चालू आशिल्लें आसूं येता," ते म्हणाले. "आनी बरोबर म्हणपी मनशान हात पळोवचो, तोंड न्हय. मनीस तोंडान दावें म्हणता आनी हात उजव्याचेर आसता." पळोवप म्हणजे बघणं; होकार देणाऱ्यानं हात बघायचा, बोलण्यावर जायचं नाही.

हे शास्त्र त्यांनी विमानापुरतं ठेवलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण लग्नाच्या पंगतीत वाढपी "लाडू?" म्हणून विचारी, तेव्हाही अनंतबाब हातांवर बसत. त्यांचा होकार तयार होई तेव्हा वाढपी पुढच्या पंगतीत पोचलेला असे आणि अनंतबाब समोरच्या भिंतीला "हय" म्हणत. एकदा त्यांच्या सोप्यावर साप निघाला. बायका किंचाळत अंगणात धावल्या. हे बाकावर बसून विचारतायत, "कोणें पळयला? दोगांनी पळयला काय एकट्यानूच?" शेवटी सापच कंटाळून निघून गेला.

"लग्नाक हय म्हणपाक ह्यांणी आठ म्हयने लायले, मास्तर," शांतावहिनी, म्हणजे त्यांची बायको, मला सांगत. "म्हज्या बापायन दुसरो सोयरो पळोवपाक सुरवात केल्ली."

ते दिवस आमच्याकडे गरमागरमीचे होते. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी यावरून घराघरांत जुंपली होती, घटक राज्य होणार म्हणून आणखी जोर चढला होता. मी अर्थातच मराठीवाला. निवेदनाचा कागद घेऊन मी तरातरा त्यांच्या सोप्यावर गेलो. कोंकणीवाले आदल्याच दिवशी येऊन गेले होते. अनंतबाब हातांवर बसले. मी उभाच. बऱ्याच वेळानं म्हणाले, "देवळांत मराठी, घरांत कोंकणी. दोनूय इंजिनां चलतात न्हय रे? मागीर एक बंद करपाची इतली घाई कित्याक?"

मी रागानं लाल झालो. भाषा म्हणजे काय यंत्र वाटलं यांना, असं चार जणांत बोललोही. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

आता स्विचांचं सांगतो. त्यांच्या सोप्याच्या भिंतीवर दोन मेन स्विच होते, शेजारी शेजारी, दोन्ही काळे, लोखंडी, एकसारखे. डावा विहिरीच्या पंपाचा, उजवा घराचा. प्रत्येकाच्या खाली त्याचा फ्यूज. त्या काळी पेडण्याची वीज म्हणजे कधी मरगळलेली, कधी अंगात आल्यासारखी. आठवड्यातून एकदा तरी काहीतरी उडे. उडालं की अनंतबाब चष्मा लावून उभे राहत, एका स्विचवर हात ठेवत आणि खणखणीत आवाजात विचारत, "दावें?"

आतून नारळ खवता खवता शांतावहिनी ओरडत, "बरोबर, बरोबर!"

मग खट्ट आवाज होई. स्विच बंद, फ्यूज बाहेर, नवी तार. झालं की पुन्हा तसंच: "चालू करूं?" "बरोबर, बरोबर!" मला खिडकीत बसून हसू येई. स्वयंपाकघर घराच्या पार मागच्या टोकाला. तिथून सोप्याची भिंत काय, सोपाही दिसत नसे. पण अनंतबाब कधी बोलले नाहीत आणि वहिनींचं खवणं कधी थांबलं नाही.

शांतावहिनी तापाचं निमित्त होऊन गेल्या. चार दिवसांत सगळं आटोपलं. बारावं-तेरावं झालं, माणसं पांगली, आणि एका सकाळी पंप बंद पडला. मी खिडकीशी वर्तमानपत्राला पत्र लिहीत होतो. मराठीच्या बाजूनं, चांगलं तिखट. एका वाक्याचा शेवट जमत नव्हता. तेवढ्यात गडग्यापलीकडून हाक आली, "मास्तर! दावें?"

वहिनींची जागा मला दिली जात होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. डोकं वर केलं असतं तरी पुरे होतं, बोर्ड समोरच दिसत होता. मी मान खाली ठेवूनच ओरडलो, "बरोबर, बरोबर!"

खट्ट झालं. आणि लगेच काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज.

मी गडग्यावरून उडी मारून गेलो. अनंतबाब जमिनीवर बसले होते, हात छातीशी धरलेला, ओठ पांढरे. बंद झाला होता उजवा स्विच, घराचा. आणि त्यांनी फ्यूज ओढला होता डावा, पंपाचा, चालू विजेचा. तोंड डावं म्हणालं होतं, हात उजव्यावर होता. मी तोंड ऐकलं, हात बघितला नाही.

जीव वाचला. बोटं भाजली, तळव्याला मोठा फोड आला. गाव विचारायला जमलं तेव्हा मी कोपऱ्यात उभा होतो. अनंतबाब सगळ्यांना एकच सांगत राहिले, "हात म्हजो आशिल्लो. चूक म्हजी." माझं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि मीही पुढे होऊन सांगितलं नाही. ते तिखट पत्र छापूनही आलं नाही.

पंधरा दिवसांनी बेळगावहून एक वृद्ध गृहस्थ आले. वहिनींचं त्यांना उशिरा कळलं होतं. कुलकर्णी नाव. एके काळचे अनंतबाबांचे वरिष्ठ वैमानिक. अनंतबाबांच्या हाताची पट्टी बघून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"हात म्हजो आशिल्लो. चूक म्हजी."

कुलकर्ण्यांनी मान खाली घातली. "माझंच वाक्य मला ऐकवतोस होय रे?" म्हणाले. अनंतबाब चहा टाकायला आत गेले.

मग सोप्यावर बसून कुलकर्ण्यांनी मला ती गोष्ट सांगितली. विमान जमिनीवरून नुकतंच उठलं होतं. डावं इंजिन मेलं. कुलकर्ण्यांनी तोंडानं "डावं?" विचारलं आणि घाईत हात टाकला उजव्या दांड्यावर. शेजारी बसलेल्या तरुण अनंतनं न बघता सांगितलं, "बरोबर." दांडा मागे आला आणि चालू होतं तेही इंजिन मंदावलं.

"काही क्षण नुसता वारा ऐकू येत होता," कुलकर्णी म्हणाले. "खाली भातशेतात वाकलेल्या बायका दिसत होत्या मला. दांडा पुन्हा पुढे ढकलला, उजवं इंजिन जोरात आलं, आणि त्या एकावर फिरून उतरलो. सगळे सुखरूप. चौकशीत मी सांगितलं, हात माझा होता. माझं उडणं थांबलं, त्याचं चालू राहिलं. म्हटलं, पोरगा चांगला आहे, शिकेल."

"अनंतबाबांनी सांगितलं नाही, की बरोबर म्हणणारे आपण होतो म्हणून?"

"सांगायला आला होता. मी गप्प बसवला." कुलकर्ण्यांनी आतल्या कपबश्यांच्या आवाजाकडे कान दिला. "चुकलंच माझं. बोलू द्यायला हवं होतं त्याला. तेव्हापासून हातांवर बसतोय."

मला तिथं बसवेना. इतकी वर्षं आम्ही ज्याला हसलो ते हे होतं. आणि त्या माणसाला मी, खिडकीतून, तोच न बघितलेला होकार दिला होता.

कुलकर्णी गेले. पुढे चार-पाच दिवस मी बघत होतो, अनंतबाब पंप लावत नव्हते. फ्यूज तसाच उडालेला. पट्टी बांधलेला हात बाजूला ठेवून, एका हातानं आणि काखेत दोर दाबून, ते विहिरीतून पाणी शेंदत. अर्धी बाल्दी वाटेतच सांडे. मला हाक मारली नाही. दुसऱ्या कुणालाही मारली नाही.

शेवटी एका सकाळी शाळेला जायच्या आधी मी गडगा ओलांडला. "अनंतबाब, फ्यूज बसवूया. आणि त्या दिवशी मी बघितलं नव्हतं. चूक माझी होती."

ते हातांवर बसले. एक हात नीट, दुसरा पट्टीचा, अलगद. मी थांबलो. मला कसलीच घाई नव्हती.

"जाणा हांव," ते म्हणाले, म्हणजे त्यांना ते ठाऊक होतं. मग उठले, चष्मा लावला, चांगला हात डाव्या स्विचवर ठेवला. "दावें?"

मी जवळ गेलो. हात बघितला. स्विचवरून निघालेली तार बोटानं दाखवत भिंतीच्या कडेपर्यंत गेलो, बाहेर जाऊन ती विहिरीकडे जाते ना ते बघून आलो. "बरोबर," म्हणालो.

त्यांनी स्विच ओढला नाही. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं.

"शांताक इतलो वेळ लागनासलो."

"त्या बघून सांगायच्या?" मी विचारलं. विचारू नये ते विचारलं.

"तिणें केन्नाच पळयलें ना, मास्तर. रांदचे कुडींतल्यान हें दिसता खंय? तिचें पळोवप हांवूच पळयतालों, दोन फावट. पूण ताळो तिचो जाय आशिल्लो." बघायचं ते स्वतःच दोनदा बघत; वहिनींचा हवा होता तो नुसता आवाज. "त्या दिसा तुवें तशेंच म्हणलें, तिच्यावरी. बरोबर, बरोबर. माका दिसलें ती भितर आसा. म्हणून पळोवपाचें रावलें."

माझ्या ओरडण्यात त्यांना वहिनी आत असल्याचं वाटलं होतं आणि बघायचं राहून गेलं होतं. मी पायाच्या अंगठ्यानं शेणाची जमीन उकरत उभा राहिलो.

"एक काम कर," ते हलकेच म्हणाले. "भितर वच, रांदचे कुडींत. थंयच्यान म्हण."

मी आत गेलो. मधलं दार, देवाची खोली, मग स्वयंपाकघर. चूल सारवलेली. नारळ खवायची आदोळी भिंतीला टेकून उभी, पात्याला गंज धरू लागलेला. तिथून सोपा दिसत नव्हताच. बाहेरून आवाज आला, खणखणीत, पूर्वीसारखा, "दावें?"

मी बघून आलो होतो. तरी एकदा मनात पाचपर्यंत मोजलं आणि ओरडलो, "बरोबर, बरोबर!"

बाहेर त्यांची पावलं भिंतीच्या कडेपर्यंत जाऊन परत आली, दोन फावट. मग खट्ट झालं.