इंदुआक्कांच्या हेलिकॉप्टरचं दार

इंदुआक्कांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझा ब्लाउज उसवला. ब्लाउज माझ्या अंगात होता.

मी लग्न होऊन नुकतीच निपाणीत आले होते. नव्या सुनेची ओळख करून द्यायला सासूबाई मला गल्लीत फिरवत होत्या, आणि पहिलंच घर आक्कांचं. मी वाकून नमस्कार केला. आशीर्वाद द्यायचं सोडून त्यांनी माझा उजवा दंड धरला, खांद्यापाशी नाक नेऊन शिवण पाहिली आणि विचारलं, "कुणी शिवला गं ह्यो?"

"बेळगावात शिवलाय. मोठ्या टेलरकडं," मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"त्येचा मुंढा चुकलाय," आक्का म्हणाल्या. तोवर त्यांच्या कमरेच्या बटव्यातून अर्धं ब्लेड बाहेर आलंही होतं. मी पदर घट्ट धरून उभी. सासूबाईंचा चहा संपेपर्यंत माझी बाही निघून पुन्हा जागेवर बसली होती. खोटं कशाला सांगू, त्या ब्लाउजात मला हात वर करता आला तो त्या दिवशी पहिल्यांदा. दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांच्या शिवणक्लासात नाव घातलं.

क्लास म्हणजे तंबाखूच्या वखारीवरची एक लांबट खोली. खाली पोती हलवायला सुरुवात झाली की वर आम्ही दहाबारा जणी एका सुरात शिंकायचो. आक्कांचं म्हणणं असं, की माणूस शिंकला तरी टाका हलता कामा नये. शिकवताना त्या फार बोलायच्या नाहीत. शिवलेला कपडा उजेडाकडे धरायचा, उलटा करायचा, शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणायची आणि म्हणायचं, "उसव." चिकोडीकडची एक मुलगी यायची, तिला कन्नडशिवाय काही येत नसे. तीही आठवड्याभरात हा शब्द शिकली. बाहेर गावात भाषेवरून मोर्चे निघायचे, दुकानांच्या पाट्या काळ्या व्हायच्या. आमच्या क्लासात तो वाद कधी झाला नाही, कारण तिथे मुळात एकच शब्द चालायचा.

क्लासाबाहेरही काही सुरक्षित नव्हतं. एका वरातीत बँडवाल्याच्या कोटाची शिवण सुटलेली दिसली, तर आक्कांनी त्याला वाजवता वाजवता टाके घातले. तो पुढे चालतोय, त्या मागून सुई घेऊन चालतायत, आणि नवरा मुलगा घोड्यावरून मान वळवून बघतोय. वरात देवळापर्यंत पोचली तेव्हा आक्कांनी दाताने दोरा तोडला. "आता वाजीव," त्या म्हणाल्या.

अशा बाईच्या हातात एक दिवस हेलिकॉप्टर पडलं.

ते आणलं बाळूने. बाळू म्हणजे आक्कांचा धाकटा भाऊ. दोघं मूळची गुंजीकडची. आईवडील लवकर गेले, तेव्हा आक्का बाळूला काखोटीला मारून निपाणीला आल्या आणि दुसऱ्यांचे परकर-पोलकी शिवून त्यांनी त्याला मॅट्रिक केलं. या धांदलीत स्वतःचं लग्न राहून गेलं. त्याबद्दल कुणी हळहळलं तर म्हणायच्या, "बरं झालं की. नवऱ्याला उसवता येत न्हाय." मॅट्रिक झाल्याबरोबर बाळू सैन्यात गेला आणि हेलिकॉप्टरवर मेकॅनिक झाला. बर्फाच्या डोंगरांतून जखमी माणसं उचलून आणायचं काम. तेव्हापासून क्लासातल्या रेडिओवर बातम्यांत हेलिकॉप्टर हा शब्द आला की आक्कांचा पाय मशीनवर थांबायचा. बातमी संपली की पुन्हा सुरू.

एका दिवाळीच्या रजेत बाळूने एक जुनाट खोका आणला. कडा फाटलेल्या, वर रंग उडालेलं चित्र. कुणा साहेबाच्या मुलाने हौसेने घेतलेला आणि वर्षानुवर्षं माळ्यावर टाकलेला. आत प्लास्टिकचे नखाएवढे तुकडे. ते जोडले की वीतभर हेलिकॉप्टर तयार होणार, आणि ते थेट बाळूच्या हेलिकॉप्टरसारखं, चेतकसारखं.

"आक्का, ह्यात मी बसतो बघ," बाळू म्हणाला. "पुढच्या रजेला येतो तवर जोडून ठेव. पर ह्ये फॉरेनचं काम हाय. ह्यात तुला चूक गावायची न्हाय."

"माणसानंच केलंय न्हवं?" आक्का म्हणाल्या. "मग गावंल."

पैज लागली आणि बाळू परत गेला. दुसऱ्या दिवशीपासून कटिंगच्या टेबलाचा एक कोपरा खडूची रेघ ओढून वेगळा झाला. तिथे आम्ही कोपर टेकायचं नाही.

आक्कांकडे बाळूचा एक फोटो होता. हेलिकॉप्टरच्या मागच्या दारावर हात ठेवून उभा. तो फोटो समोर ठेवून त्यांनी भिंगातून एकेक तुकडा तपासायला घेतला आणि फॉरेनचं पितळ भराभर उघडं पडलं. नाक चपटं निघालं. चाकं जाड निघाली. "ह्येची चाकं बघ, बैलगाडीला बशीवली तरी चालतील." फोटोत वरच्या पंख्याची पाती टोकाशी जरा खाली झुकलेली होती. खोक्यातली पाती मोजपट्टीसारखी सरळ. आक्कांनी ती गरम पाण्यात धरून हलक्या हाताने वाकवली. काच पिवळी पडली होती. ती काढून टाकली आणि रेडिमेड शर्टाच्या डब्यावरचा पारदर्शक कागद मापात कापून बसवला.

खोक्यावर लिहिलं होतं की मूळ वस्तूच्या बहात्तराव्या भागाएवढं हे माप आहे. झालं! आक्का सगळ्या जगाला बहात्तरने भागायला लागल्या. माझ्या सासूबाई अंगाने ठेंगण्या. त्यांच्याकडे बघून एकदा आक्का हळूच म्हणाल्या, "तुझी सासू भरली पाऊण इंच. पाऊण इंच बाई आनि केवढा गं आवाज!" नंतर कितीतरी दिवस सासूबाई मला ओरडल्या की मला हसू यायचं आणि त्या आणखीच ओरडायच्या.

मग आली नेलपॉलिशची भानगड. प्लास्टिकच्या जोडांत फटी राहत होत्या. त्या बुजवायला आक्कांनी युक्ती काढली. अंगाला लावायची पावडर नेलपॉलिशमध्ये कालवायची, तो लगदा फटीत भरायचा आणि वाळला की घासून गुळगुळीत करायचा. युक्ती झकास होती. पण गल्लीला काय दिसलं? जन्मात ज्या बाईने कधी टिकलीचा रंग बदलला नाही, ती कासाराकडून लालभडक नेलपॉलिशच्या बाटल्या नेतेय. पावडरचा डबा नेतेय. नखं घासायची पट्टीही नेतेय. तीन दिवसांत निपाणीत बातमी, की इंदुआक्कांचं जमलंय.

कुणाशी, हेही गल्लीने परस्पर ठरवून टाकलं. खालच्या वखारीतले मुनीम विधुर होते. त्यांच्या कानावर ही बातमी गेली आणि त्यांना ती पटली. केस काळे झाले. एका दुपारी कडक इस्त्रीचा नवा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन ते जिना चढून वर आले. आम्ही सगळ्यांनी मशीन थांबवल्या.

आक्कांनी चष्म्यावरून त्यांना न्याहाळलं. मुनीम लाजले.

"कॉलर चुकलीया," आक्का म्हणाल्या. "काढा शर्ट."

मुनीम बनियनवर बसून राहिले. आक्कांनी कॉलर उसवून नीट बसवून दिली आणि पेढे आम्हाला वाटले. त्यानंतर मुनीम जिना चढले नाहीत, पण गावात इतकी झकास कॉलर दुसऱ्या कुणाची नव्हती हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

गणपतीच्या दिवसांत मंडळाची पोरं आली. देखाव्यात हेलिकॉप्टर हवं, ते गणपतीवर फुलं टाकेल असं दाखवायचं. आक्का म्हणाल्या, "न्या की. पर मापात बसवा. गणपती किती फुटांचा?" पोरं म्हणाली, सहा. "मग बहात्तरनं भागा. एक इंचाचा गणपती करा आनि घिऊन जावा." पोरं एकमेकांकडे बघत जिना उतरली. त्या वर्षी देखाव्यात धबधबा झाला.

गणपती गेले, दसरा आला. नाक झालं, चाकं झाली, हाताने काढलेले तिरंगी गोल झाले. आतली बाकं झाली. शहापुरातल्या एका विणकराकडून रेशमी काठाचे तुकडे आणून त्यांनी त्यांचे दोऱ्याएवढे पट्टे कापले, बाकांना लावले. मेणाचा एक माणूस केला, इंचाला जरासा कमी. त्याला मिशी काढली तेव्हा तो बाळू आहे हे आम्हाला कळलं.

अडलं फक्त मागचं दार. खोक्यातल्या हेलिकॉप्टरला ते दार नुसतं रेघ मारून दाखवलेलं. आक्कांनी ब्लेडने ते कापून मोकळं केलं आणि खरंच सरकेल असं बसवायचं ठरवलं. ब्लाउजच्या हुकाची तार ठोकून तिचा रूळ केला. दार कधी अडकायचं, कधी गळून पडायचं. बसवायचं, उसवायचं, परत बसवायचं. पंधरा दिवस त्यात गेले. शेवटी मी म्हटलं, "आक्का, चिकटवून टाका की! कोण उघडून बघणार आहे?"

"आत बसलेल्यानं मग काय करायचं?" त्या एकदम तापल्या. "दार सरकाय पायजे. आनि लावलं की लागाय पायजे. खटदिशी."

आणि एके दिवशी ते लागलं, खटदिशी. आक्कांनी मेणाच्या बाळूला मागच्या बाकावर बसवलं, दार लावलं आणि हेलिकॉप्टर उलटं करून हलवलं. मग भिंगातून आत बघितलं.

"पडला न्हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी सगळ्या क्लासाला बाजारातून गरम भजी मागवली. तेव्हा कुठे मला उमगलं, की ही बाई वर्षभर नेमकं काय दुरुस्त करत होती.

दिवाळीला बाळू आला. आम्ही सगळ्या जणी काम असल्याचं सोंग करून क्लासात हजर. बाळूने हेलिकॉप्टर तळहातावर घेतलं, खिडकीशी नेलं. नाक बघितलं, चाकं बघितली. झुकलेली पाती बघून तर त्याने तोंडात बोटच घातलं. "आयला! आक्का, तू जलमलीस तरी कुठं गं? आमच्या वर्कशॉपात पायजे हुतीस!" आक्का ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पर एक चूक हाय," बाळू म्हणाला.

खोलीतला वाराच बंद झाला. आक्कांच्या कामात चूक!

"कंची?"

"ह्ये मागचं दार. आमी ते काढूनच उडतो. खाली दोर सोडून माणूस वर वढायचा आसतोय न्हवं? दार मधी येतंय."

"आनि तू कुठं बसतोस?"

"तितंच की. दाराच्या तोंडाला, पाय भाईर सोडून."

आम्हा सगळ्यांना एकच शब्द माहीत होता आणि तो आता आक्कांना स्वतःलाच म्हणावा लागणार होता. आक्कांनी हेलिकॉप्टर बाळूच्या हातातून काढून घेतलं.

"मग तुमचं हेलिकॉप्टर चुकलंय," त्या म्हणाल्या.

बाळू पोट धरून हसला. आम्हीही हसलो. आक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि भावाच्या कमरेभोवती घातली.

"आगं, सरकारी पट्टा हाय मला!"

"सरकारी शिवण बघितलीया मी, तुझ्या पँटीवर. त्यो वरनं बांध, ह्यो आतनं."

खाटेची जाड नवार दुहेरी करून त्या दुपारभर मशीनवर बसल्या. तीन-तीन शिवणी घातल्या. आत थोडी माया सोडली, पुढे पोट सुटलं तर असावी म्हणून. आणि मग जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. आक्कांनी स्वतःचं काम माझ्यापुढे धरलं. "बघ गं. कुठं उसवंल का? वढ. आगं, जोरानं वढ की!" एक टोक मी धरलं, एक चिकोडीच्या मुलीने, आणि आम्ही दोघींनी भिंतीला पाय लावून ओढलं. टाका हलला नाही. आक्कांनी पाठ फिरवली आणि बराच वेळ बॉबिनमध्ये दोरा भरत राहिल्या. बॉबिन आधीच भरलेलं होतं. मला त्या वेळी त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी उगाच कात्री शोधत बसले.

बाळू परत गेला त्या दिवशी आक्कांनी ब्लेड घेतलं आणि मागचं दार स्वतःच्या हाताने काढलं. मेणाचा बाळू दाराच्या तोंडाशी आला, पाय बाहेर सोडून, कमरेला दोन रेशमी पट्टे. दार बटणांच्या डबीत गेलं. पुढच्या रजेला बाळू आला, दार बसलं. गेला, निघालं. पुढे गल्लीला सवयच झाली. बाळू घरी आहे की नाही हे कुणी विचारत नसे. वखारीतला हमालसुद्धा वर डोकावून हेलिकॉप्टर बघायचा आणि खाली जाऊन सांगायचा, "दार लागलंय. आल्यात पाव्हणं."

अशी कितीतरी वर्षं गेली. माझी मुलं मोठी झाली. बाळू पेन्शन घेऊन कायमचा निपाणीला आला आणि त्याने पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. आला त्या दिवशी मी क्लासात गेले, तर आक्का खिडकीशी बसून भिंगातून काहीतरी तपासत होत्या. तो नवारीचा पट्टा होता. घामाने काळा पडलेला, कडा विरलेल्या, पण शिवण जिथल्या तिथे. एकेक टाका बघून झाल्यावर त्यांनी तो घडी करून बाजूला ठेवला. बटणांच्या डबीतून दार काढलं, रुळावर बसवलं आणि सरकवलं. खट.

"पोरी, कासाराकडं जा," त्या मला म्हणाल्या. "नेलपॉलिश आन. लाल."

मी आणलं. आक्कांनी दाराच्या चारी कडांना ते भरून लावलं, फुंकर मारून वाळवलं आणि हेलिकॉप्टर उचलून माझ्या हातात दिलं.

"आता ह्ये उसवायचं न्हाय," त्या म्हणाल्या.