चितळांची_पाणी_पिण्याची_वेळ

एका जंगलात माणसं नव्हती, मुलांनो. त्यामुळे सोपी कामं अवघड करून ठेवायची जबाबदारी तिथे जनावरांवरच येऊन पडली होती.

जंगलात पाणवठा एकच. सकाळी तिथे चितळं, सांबरं, ससे पाणी पीत. संध्याकाळी बिबटे, तरस, रानकुत्रे. कोणी कोणाच्या वेळेत पाय ठेवत नसे. हे पिल्लापिल्लाला तोंडपाठ होतं. म्हणून सिंहमहाराजांनी ठरवलं, की आता हे वेबसाइटवर टाकायचं.

काम संगणक खात्याकडे आलं. खात्याचा प्रमुख सर्जेराव कोल्हा. त्याच्या हाताखाली दोघं. गवत खाणाऱ्यांचं पान शेवंता मुंगूस करणार होती, मांस खाणाऱ्यांचं जिवबा तरस.

आता तुम्हाला थोडं कोडमधलं सांगतो. कोडमध्ये काही साठवायचं तर डबा लागतो आणि त्या डब्यावर नाव घालावं लागतं. त्याला व्हेरिएबल म्हणतात. डबा आपल्या घरात ठेवला, तर दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागत नाही. भर चौकात ठेवला, तर येणारा-जाणारा त्यात वाटेल ते टाकू शकतो.

खात्यात सगळे डबे चौकात ठेवायची पद्धत होती. घर बांधायचा कंटाळा, दुसरं काय!

शेवंताने डब्यावर ‘वे’ असं नाव घातलं आणि आत ‘सकाळ’ टाकलं. जिवबानेही आपल्या पानासाठी ‘वे’च लिहिलं आणि ‘संध्याकाळ’ टाकलं. दोघांना वाटलं, आपापला डबा आहे. पण चौकात ‘वे’ नावाचा डबा एकच होता. जिवबाने नंतर टाकलं, म्हणून शेवंताचं पुसलं गेलं.

शेवंताने आपलं पान उघडलं. त्यावर चितळांना पाणी प्यायची वेळ दिसत होती : संध्याकाळ. तिचे केस उभे राहिले. ती धावत सर्जेरावांकडे गेली.

“साहेब, दोन्ही पानांवर एकच वेळ येतेय. डबे आपापल्या घरात ठेवले की झालं. एका ओळीचं काम आहे.”

सर्जेरावांनी कोड पाहिला. “वे? हे काय नाव आहे? वे म्हणजे वेळ, वेड की वेताळ?”

“वेळ, साहेब. पण नावाचं काही नाही, तो ठेवलाय कुठे—”

“नावाचंच आहे बाई! खात्यात नाव ठेवायची काही शिस्तच नाही. समिती नेमू या. आणि सचिव तुम्ही.”

शेवंताला आजवर कोणी काही नेमलं नव्हतं. तिला वडाच्या बुंध्यात स्वतंत्र ढोली मिळाली. दारावर पाटी लागली. ती पाटी तिने दिवसातून बऱ्याचदा बाहेर येऊन वाचली. डब्याची आठवण होई, नाही असं नाही. पण समितीचं चाललंय ना, मग मधेच आपण कशाला बोला, असं ती स्वतःला समजावी.

समितीवर दोन तज्ज्ञ आले. वाळवंटातून करणसिंग उंट आणि वारुळातून पद्मनाभ नाग.

उंट म्हणाला, “शब्द जोडून लिहावेत. प्रत्येक नव्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असावं. नावात मधे मधे उंचवटा दिसला पाहिजे.”

“माझ्या मते शब्द जमिनीलगत रेघेने जोडावेत,” नाग म्हणाला. “उंचवटे कशाला? सरपटत वाचता आलं पाहिजे.”

शेवंता भीतभीत म्हणाली, “आपल्या लिपीत मोठं अक्षर नसतं.”

उंटाने मान वर केली. “मग लहान तरी असतं का?”

“नाही. सगळी सारखीच.”

“म्हणजे सगळी मोठीच आहेत!” उंट म्हणाला. “आमची पद्धत तुमच्याकडे पहिल्यापासूनच लागू आहे.”

यावर नागाने फणा काढला आणि बैठक तहकूब झाली. पुढच्या बैठकाही अशाच झाल्या. प्रत्येक बैठकीनंतर उत्तम जेवण असे.

इकडे वेबसाइटच्या उद्घाटनाची तारीख आली. सिंहमहाराजांनी पंजाने बटण दाबलं. सगळ्या जंगलाने टाळ्या वाजवल्या. समितीची सचिव म्हणून शेवंताला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिनेही वाजवल्या.

शेवंताच्या ढोलीशेजारी हंसा नावाची चितळीण चरायला येई. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “ताई, यंदा आमची वेळ संध्याकाळची केलीत की. बरं झालं, सकाळी थंडी वाजते.”

शेवंताला खरं काय ते सांगावंसं वाटलं. पण खात्यातलं बाहेर सांगायची तिला मनाई होती. आणि पाटीही नवी होती.

“जरा बघून जात जा,” एवढंच ती म्हणाली.

“बघायचं कशाला? मोबाइलवर आहे ना सगळं,” हंसा हसली आणि गेली.

संध्याकाळी हंसा पाण्यावर वाकली. बिबट्याही आपल्या वेळेवर आला होता. हंसा परत आली नाही.

बिबट्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याने आपलं पान दाखवलं, चौकशी संपली. शेवंता त्या रात्री जेवली नाही. सकाळी मात्र ती समितीत उभी राहिली आणि पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

“हंसा डब्यामुळे गेली. तो चौकातून उचला. नाव काय ठेवायचं ते नंतर भांडत बसा!”

मग नाग शांतपणे म्हणाला, “सचिवबाई, व्हेरिएबलची कक्षा, म्हणजे डबा कुठे ठेवायचा, हा विषय या समितीच्या कक्षेबाहेर आहे.”

“अगदी बरोबर,” उंट म्हणाला. दोघांचं एकमत झालेला हा पहिलाच मुद्दा.

पण चितळीण गेली होती, काहीतरी करून दाखवणं भाग होतं. समितीने तातडीने नाव ठरवलं. ‘वे’ जाऊन सगळीकडे ‘चितळांची_पाणी_पिण्याची_वेळ’ आलं. रेघा नागाच्या. अक्षरं मोठी आहेत असं समजून उंटानेही सही केली. हे नाव जिवबाच्या पानातही गेलं, कारण डबा तोच होता. सर्जेरावांनी स्वतः डब्यात ‘सकाळ’ टाकलं आणि चूक दुरुस्त झाल्याचं जाहीर केलं.

आठवड्याने बिबट्या खात्यात आला. पोट चांगलंच सुटलं होतं.

“अभिनंदन करायला आलो,” तो सर्जेरावांना म्हणाला. “माझ्या पानावर ‘सकाळ’ दिसलं. आधी वाटलं, चुकून पडलं असेल. म्हणून ब्राउझरमध्ये तुमचा कोड उघडून पाहिला. पूर्वी तिथे नुसतं ‘वे’ होतं, मला काही अर्थबोध होत नसे. आता कसं स्वच्छ लिहिलंय! कोणाची वेळ, कशाची वेळ. असा वाचनीय कोड मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही.”

सर्जेरावांनी हे लेखी मागून घेतलं आणि चौकट करून भिंतीवर लावलं.

शेवंताने ती चौकट पाहिली. मग ती कोणालाही न विचारता उठली, थेट चितळांच्या कळपात गेली आणि म्हणाली, “मोबाइल फेकून द्या. वाऱ्याचा वास घ्या आणि मग पाण्यावर जा.”

“मग ती वेबसाइट?” एका म्हाताऱ्या चितळाने विचारलं.

“ती मीच केलीय. म्हणून तर सांगतेय.”

“आणि हंसाला का नाही सांगितलंस?”

शेवंताने मान खाली घातली. चितळांनी मोबाइल डोहात टाकले. त्यानंतर कळपातलं कोणी बळी गेलं नाही.

चितळं पाण्यावरून परत येत नसल्याच्या तक्रारी एकदम थांबल्या. नव्या नावाचा हा परिणाम, असं सर्जेरावांनी दरबारात सांगितलं. उंटाला शाल मिळाली, नागाला श्रीफळ. शेवंताला परवानगीशिवाय कळपाशी बोलल्याबद्दल कामावरून काढलं. डबा अजून चौकातच आहे.

तात्पर्य : मुलांनो, व्हेरिएबलला नेहमी अर्थपूर्ण नाव द्यावं. आपल्याला खाणाऱ्याला कोड वाचताना त्रास होता कामा नये.