आधी गॅस बंद

चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे न्यायची, एवढंच आईला जमत नव्हतं. सपाट रस्त्यावर ती राणीसारखी गाडी चालवायची. चढ दिसला की हातपाय गार! लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत गाडी मागे घरंगळली ती पाण्याच्या पिंपावर. दुसऱ्या परीक्षेत थेट परीक्षक साहेबांच्या स्कूटरवर. आणि आता तर तिच्या वाचनालयाने गल्लोगल्ली पुस्तकं पोचवायला व्हॅन घेतली होती. लायसन्स मिळालं तर व्हॅन आईची. नाहीतर आहेच कपाटांची धूळ झटकणं.

"आई, सोप्पंय गं," फटाकडी म्हणाली. फटाकडी म्हणजे तिची नववीतली लेक. शाळेत योगाच्या बाईंनी काल आत्मशोध शिकवला होता, त्यामुळे आज ती पूर्ण ज्ञानी झाली होती. "भीती आली की डोळे मिटायचे आणि विचारायचं, ही कोणाला वाटतेय? मला. मग हा 'मी' कोण? शोधायला गेलं की तो सापडतच नाही! भीती बिचारी पत्ता चुकलेल्या पार्सलासारखी परत जाते."

आई मुळात मेहनती. तिने सराव घरातच सुरू केला, आणि तोही दिसेल त्या गोष्टीवर. सकाळी दूध उतू गेलं, पातेलं करपलं.

"अगं, वास येतोय!" बाबा ओरडले.

"कोणाला येतोय?" आईने डोळे मिटूनच विचारलं.

"अख्ख्या मजल्याला!"

संध्याकाळी इस्त्रीखाली बाबांचा शर्ट गेला.

"अहो, राग कोणाला आलाय?"

"मला!"

"हा 'मी' कोण?"

"ज्याचा शर्ट जळला तो!"

शेवटी बाबांनी फर्मान काढलं, "आत काय शोधायचं ते खुशाल शोध. पण आधी गॅस बंद, इस्त्री बंद, आणि मगच डोळे बंद!" आईला ते पटलं. तिने हाताला तशी सवयच लावून घेतली.

परीक्षेच्या दिवशी साहेब शेजारी बसले, फटाकडी हट्टाने मागे.

"आज स्कूटर घरीच ठेवलीय," साहेब म्हणाले.

चढाच्या मध्यावर हुकूम आला, "थांबवा." आईने गाडी थांबवली. डोळ्यांपुढे पिंप, स्कूटर, धूळ! सवयीने तिचा हात काहीतरी बंद करायला गेला. तिथे ना गॅस होता, ना इस्त्री. हाताला लागला हँडब्रेक. तिने तो कचकन ओढला आणि डोळे मिटले.

"बाई! अहो बाई, डोळे उघडा!"

"थांबा हो साहेब, शोधतेय."

"काय शोधताय?"

"घाबरलेली बाई."

"ती राहू द्या! इथे मी घाबरलोय!"

"मी पण!" मागून फटाकडी दप्तरात तोंड खुपसून किंचाळली.

आईने आत नीट बघितलं. छाती धडधडत होती, खरंच होती. पण त्या धडधडीकडे कुणीतरी खिडकीत बसून गंमत बघावी तसं निवांत बघत होतं. तिला हसूच आलं. तिने डोळे उघडले, क्लच हलकेच सोडला, हँडब्रेक खाली केला. गाडी सुळकन चढ चढून गेली.

साहेबांनी घाम पुसला. "नापासच करणार होतो. पण गाडी बोटभरही मागे आली नाही. आणि उभ्या गाडीत डोळे मिटू नयेत असं नियमात कुठे नाही. पास!"

"बघ! शिकवलं कोणी?" फटाकडीने कॉलर ताठ केली.

"तूच गं बाई. पण मग किंचाळत कोण होतं?"

"माझी अजून थिअरीच चाललीय."

उतरता उतरता साहेब परत सीटवर टेकले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, रोज नवशिक्यांच्या शेजारी बसतो. झोपेतसुद्धा ब्रेक दाबतो मी. बायको वैतागून दुसऱ्या खोलीत झोपायला गेलीय. ते तुमचं... मलाही शिकवाल का?"

"न शिकवायला काय झालं," आई व्हॅनवालीच्या थाटात आरसा सारखा करत म्हणाली. "आधी गॅस बंद करायचा."